दह्याचं दूध

आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याच्या उत्तमराव मास्तरांना कुठलीही गोष्ट दाखवा, ते आधी डोळे बारीक करून तिच्याकडे बघत आणि मग एकच प्रश्न विचारत: उलटं फिरतं का? फिरत असेल तर भौतिक बदल, नसेल तर रासायनिक. विषय मिटला. बर्फाचं पाणी झालं, पाण्याचा पुन्हा बर्फ होतो, म्हणून भौतिक. लाकूड जळलं, राखेचं लाकूड होत नाही, म्हणून रासायनिक. ही चावी त्यांच्या हाती शाळेत असताना उर्दूतून आली, कारण निजामाच्या राज्यात विज्ञान उर्दूतूनच मिळायचं. पुढे मास्तर झाल्यावर त्यांनी ती मुलांना वाटली, आधी उर्दूतून आणि मग मराठीतून. मुलांपुरती ठेवली असती तरी चाललं असतं, पण त्यांनी ती गावभर चालवली.

नवरदेव बोहल्यावरून उतरला की मास्तर शेजाऱ्याच्या कानात म्हणत, "रासायनिक." सासरी गेलेली मुलगी दिवाळीला माहेरी आली की, "भौतिक." मयताला गेल्यावरही त्यांच्या डोक्यात हेच चालू असणार, पण ते तोंडाबाहेर न काढण्याइतकी अक्कल त्यांना होती. त्यांची बायको जयवंताबाई मात्र या चावीला पार कंटाळली होती. भाजी करपली तर नवऱ्यानं चिडावं, निदान ताट तरी सरकवावं. हे गृहस्थ करपलेली फोड बोटात धरून म्हणायचे, "हे काई आता मागं जात नाई," आणि खाऊन टाकायचे. अशा माणसाशी भांडावं तरी कसं, हे तिला शेवटपर्यंत उमगलं नाही.

ही चावी सगळ्यात जास्त फिरली ती सरकारवर. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. नागपूर रस्त्यावर नागोरावाचं हॉटेल होतं, ट्रकवाले तिथं चहाला थांबत आणि गावातले लोक ट्रकवाल्यांच्या बातम्यांना. नागोराव हा चहापेक्षा चेष्टा जास्त उकळणारा माणूस. त्यानं विचारलं, "मास्तर, राज गेलं. हे कोन्तं?"

"भौतिक," मास्तर म्हणाले. "पाटी बदलली. पाटीमागचा मानूस तोच हाय."

आणि ते काही खोटं नव्हतं. कचेरीत पेशकार तोच, दरख्वास्त तशीच आणि 'कल आओ' तर अगदी जसंच्या तसं. शाळेतून उर्दू गेली आणि मराठी आली, एवढा मात्र फरक झाला. मास्तर नियमाला धरून यालाही भौतिक म्हणाले, पण हा बदल मागे फिरावा असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. शास्त्रात अशी थोडी सोय ठेवावी लागते.

मग छप्पन साल आलं. हैद्राबाद राज्याची भाषेप्रमाणे वाटणी ठरली आणि नोकरवर्गाला विचारलं गेलं, बाबांनो, तुम्हाला कुठं जायचं? ज्यांना मराठी मुलखात जायचं होतं त्यांनी तसं कळवलं आणि ते गेले. उत्तमरावांनी काहीच कळवलं नाही. त्यांचं म्हणणं असं की सगळा आदिलाबाद जिल्हाच तिकडे जाणार, मग आपण कशाला बिऱ्हाड हलवा, बसल्या जागी पोचू. किनवट गेलं, राजुरा गेलं, इचोडा राहिलं. मास्तर बसल्या जागी आंध्र प्रदेशात पोचले.

"आता?" नागोरावानं कप पुढे सरकवत विचारलं.

"भौतिक," मास्तर म्हणाले, पण जरा उशिरानं. "बर्फाचं पानी झालं हाय. थोडी थंडी पडू दे, मागं येते."

आणि जे मागं येणारच आहे त्यासाठी तेलुगू कशाला शिकायची? एवढ्या एका तर्कावर मास्तर स्वस्थ बसले. नव्या सरकारच्या डोक्यात मात्र थंडीबिंडी काही नव्हती. शाळेत हुकूम आला: विज्ञान तेलुगूतून शिकवावं, लवकरच मुआयना, म्हणजे तपासणी, होईल, आणि ज्या मास्तरांना जमणार नाही त्यांची समुद्राकडच्या जिल्ह्यात बदली होईल, म्हणजे तेलुगू आपोआप येईल. जगात बदल दोनच प्रकारचे असतात असं मास्तर इतकी वर्षं शिकवत आले होते. सरकारी नोकरीत तिसराही असतो आणि त्याला बदली म्हणतात, हे ते साफ विसरले होते.

जयवंताबाईनं हुकूम ऐकला आणि ती तडक परसदारी जाऊन उभी राहिली. परसात तिची वांगी होती, मेथी होती, आणि गोठ्यात म्हैस होती, जी तिच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती.

"म्हैस काय खांद्यावर नेता का समुद्राले?" ती म्हणाली. "काऊन नाई शिकत तुमी? मले येते, तुमाले येत नाई?"

तिला खरंच येत होती आणि ती कुणी शिकवली नव्हती. शेजारच्या घरात राजव्वा नावाची तेलुगू बाई राहायला आली होती. तिच्या घरी दह्याशिवाय भात घशाखाली उतरत नसे आणि विरजण हमखास संपलेलं असे. रोज संध्याकाळी ती वाटी घेऊन परसदारी उभी राही आणि विचारी, "तोडु उन्नदा?" विरजण आहे का? तोडु म्हणजे विरजण, पालु म्हणजे दूध, पेरुगु म्हणजे दही, लेदु म्हणजे नाही. अशी वाटी-वाटीनं भाषा जयवंताबाईच्या घरात आली. मास्तर तेव्हा घरातच असत, पण परसदारी तेलुगू सुरू झाली की ते उठून ओसरीवर जात. बायको एखाद्या वेळी सवयीनं त्यांनाच "लेदु" म्हणाली, तर त्यांच्या कपाळावर आठी पडे.

"नाई म्हन की," ते म्हणत. "दोन दिवसाची भाषा. कशाले तोंड वाकडं करतं?"

आता मात्र तोंड वाकडं करणं भाग होतं. धड्याचं नाव मार्पुलु, म्हणजे बदल. मास्तरांनी तो सबंध धडा पाठ केला, अर्थासकट नव्हे, आवाजासकट. भौतिक आणि रसायन हे शब्द संस्कृतातले, त्यांनी काही त्रास दिला नाही. त्रास दिला तो 'मार्पु'नं. वर्गातली निम्मी मुलं मराठी. मास्तर छडी टेबलावर ठेवून म्हणाले, "आज दोन मार्पु. आधी भौतिक मार्पु, मग रसायनिक मार्पु," तसे पुढच्या रांगेनं हात काखेत लपवले. भौतिक मार म्हणजे नेहमीचा, तो त्यांच्या अंगवळणी पडला होता. रासायनिक मार कसा असतो या काळजीनं दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग गैरहजर राहिला.

मुआयन्याला आलेले साहेब समुद्राकडचेच होते, गोल चेहऱ्याचे, घामाघूम झालेले, स्वभावानं बरे. मास्तरांनी मेणबत्ती वितळवून दाखवली, मेण पुन्हा घट्ट झालं, "भौतिक मार्पु." कागद जाळून दाखवला, "रसायनिक मार्पु." सगळं घडाघडा. साहेब खूश होऊन मान डोलवत होते. जयवंताबाईची म्हैस आता जागची हलत नाही असं मास्तरांना वाटायला लागलं, आणि तेवढ्यात साहेबांना पुस्तकाबाहेरचं विचारण्याची हुक्की आली.

त्यांनी विचारलं, जोन्नलु दळून पिंडि केलं तर कुठला मार्पु? जोन्नलु म्हणजे ज्वारी हे बाजारामुळे मास्तरांना ठाऊक होतं, आणि साहेबांनी हातानं जातं फिरवून दाखवलं, त्यामुळे पिंडिही कळलं. त्यांनी चावी फिरवली. पिठाची ज्वारी होते का? होत नाही. "रसायनिक मार्पु," ते ठासून म्हणाले.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. भला माणूस, मास्तरांना सावरायला सोपा प्रश्न शोधू लागला आणि विचार करताना त्यानं वर छताकडे पाहिलं. मग विचारलं, "पालल्लो तोडु वेस्ते?" म्हणजे दुधात विरजण घातलं तर?

मास्तरांनीही वर पाहिलं. आढ्यावर एक चांगली जाडजूड पाल बसली होती. पाल. तोडू. प्रश्न लख्ख होता. पालीची शेपूट तोडली तर काय होतं, हे कुठल्या पोराला माहीत नाही? ती परत येते. इतका सोपा प्रश्न साहेबांनी आपल्याला दिला म्हणून मास्तरांना मनापासून कृतज्ञता वाटली.

"भौतिक मार्पु," ते म्हणाले, आणि वर पाठ केलेल्यातलंच एक वाक्य जोडलं, "मळ्ळी वस्तदि." पुन्हा येतं. शेपूट कशी हळूहळू लांबत जाते तेही त्यांनी दोन बोटांनी दाखवलं.

वर्गातली तेलुगू मुलं पाट्यांमागे तोंडं लपवून हलायला लागली. साहेब पुढे वाकले आणि सरळ हिंदीवर आले. "मास्टरजी, आप के इचोडा में दही का फिर से दूध बनता है?"

"दही?" मास्तर म्हणाले. "साब, दही किधर से आया? मैं तो छिपकली का बोला."

साहेबांना आधी कळलं नाही. मग त्यांनी छताकडे पाहिलं, पालीकडे पाहिलं, मास्तरांच्या लांबवलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि त्यांना इतकं हसू आलं की मुलांच्या बाकावरच बसकण मारावी लागली. ते हसले, मुलं हसली, पाल निघून गेली. मास्तर तेवढे खडू धरून उभे राहिले. आपल्या भाषेतला शब्द दुसऱ्याच्या तोंडी जाऊन आपल्यालाच चावला, याची लाज आणि राग दोन्ही त्यांच्या कानशिलांत भरले होते.

डोळे पुसून झाल्यावर साहेब म्हणाले, "हँसा, माफ कीजिए. भाषा तो सीख जाएँगे. गलती दूसरी है. लौटता है या नहीं, यह मत पूछिए. जो था वही है, या कुछ और हो गया, यह पूछिए. ज्वार पिसी, लौटेगी नहीं, पर है ज्वार ही. दही दूध नहीं है."

आणि त्यांनी बदली केली नाही. एक वर्ष दिलं. पुढच्या मुआयन्यापर्यंत तेलुगू आली तर इचोडा, नाहीतर समुद्र.

घरी येऊन मास्तर न जेवता पडून राहिले. जयवंताबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यांनी पालीपर्यंत सगळं सांगितलं. ती पदर तोंडात कोंबून हसली, मग नवऱ्याचं तोंड पाहून थांबली.

"रोज तं मांगते राजव्वा परसात. तुमच्या कानावरून गेलं नाई का कदी? तोडु मंजे विरजन. आन सोबतीलेबी तोडुच मनते ते. बजारात जाची असली की मले मनते, तोडु रा, सोबत चाल."

"एकाच शब्दाचे दोन अर्थ?"

"मले का मालूम. मी काई मास्तर नाई."

मास्तर छताकडे बघत राहिले. आपल्याकडे विरजण पडतं ते आनंदावर, बेतावर, उत्साहावर. आणि यांच्याकडे त्याचीच सोबत होते. हा फरक भौतिक की रासायनिक, हे विचारायचं धैर्य त्या दिवशी त्यांच्यात उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून राजव्वा वाटी घेऊन आली की मास्तर ओसरीवर न जाता परसात येऊन बसू लागले. तिला आधी वाटलं, यांना आपण विरजण मागणं पसंत नाही. मग कळलं की सारू शिकायला बसलेत. मास्तरांना ती सारू म्हणायची. तिनं त्यांना पुस्तकातलं काही शिकवलं नाही, फक्त सुनेच्या, म्हशीच्या आणि दातदुखीच्या तक्रारी भरभरून सांगितल्या. मास्तरांना तेलुगू आली ती तक्रारीच्या सुरात, आणि तशीच राहिली. वर्गात ते बाष्पीभवनसुद्धा अशा आवाजात शिकवायचे की पाण्यानं कुणाचं तरी घर बुडवलंय.

या सगळ्यात एक आधार होता, तो म्हणजे साहेबांची ज्वारी. नागोरावानं चिडवलं, "मास्तर, तुमीबी तेलगूच झाले का जी," तर ते शांतपणे म्हणत, "पीठ झालो बाप्पा. मागं नाई येत. पन ज्वारीच हाय." उलटं फिरण्याची आशा सोडायला त्यांना फार जड गेलं होतं. तिच्या जागी ही ज्वारी बसवून त्यांनी मन कसंबसं शाबूत ठेवलं. आपण आतून जसेच्या तसे आहोत, एवढं एक वाक्य ते स्वतःला रोज ऐकवत.

वर्ष सरलं. तेच साहेब आले, त्यांनी मुद्दाम दूध-विरजणच विचारलं आणि मास्तर कुरकुरत्या पण अचूक तेलुगूत उत्तरले. बदली टळली. म्हैस राहिली, वांगी राहिली. गोष्ट इथंच संपायला हरकत नव्हती, पण सरकारचं आणि दैवाचं वागणं थोडंफार सारखंच असतं. जे मागून मिळत नाही ते न मागता दारात येऊन बसतं.

पैनगंगेकाठच्या किनवटहून निरोप आला. तिथल्या शाळेचे हेडमास्तर भगवानराव हे उत्तमरावांचे जुने सोबती, निजामाच्या काळी दोघं आदिलाबादेत एकत्र उर्दूत शिकवायचे. त्यांच्याकडे विज्ञानाचा मास्तर नव्हता. ते कळवत होते की छप्पनला राहून गेलेल्यांना इकडे घ्यायची वाट निघाली आहे, शाळा मराठी, मुलं मराठी, ये.

उलटं फिरत होतं. म्हणजे आपली जुनी चावी काही खोटी नव्हती, थंडी पडायला तेवढा वेळ लागला. जयवंताबाईला त्यांनी सांगितलं तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"तुमचा जीव तिथं लागत असंल तं चाला," ती मग म्हणाली. "किनवट काई समुद्र नाई. म्हैस चालत यील." आणि म्हशीला वैरण टाकायला गेली ती अंधार पडेपर्यंत गोठ्यातून बाहेर आली नाही.

मास्तर आदिलाबादेला जाऊन रेल्वेनं किनवटला पोचले. स्टेशनवर मराठी पाटी, दुकानांवर मराठी पाट्या, शाळेच्या फळ्यावर मराठी सुविचार. त्यांना गहिवरून आलं. भगवानरावांनी त्यांना शिक्षकांच्या खोलीत नेलं आणि मोठ्या प्रेमानं ओळख करून दिली, "हे आमचे आंध्रातले मास्तर." इचोड्यात उत्तमरावांना सगळे मराठी मास्तर म्हणायचे. ते जरा चपापले, पण पाव्हण्याला काहीतरी म्हणावंच लागतं, असं मनाशी म्हणून त्यांनी चहा घेतला.

"एक पाठ घेऊन टाक," भगवानराव म्हणाले. "रीत म्हणून. तुला काय, तुझा तो भौतिक-रासायनिक घे."

मास्तर वर्गात उभे राहिले. समोर सगळी मराठी मुलं. किती दिवसांनी त्यांना अडखळायचं नव्हतं, शब्द शोधायचा नव्हता. त्यांनी आवाज लावला, "पोरांनो, मार्पु दोन प्रकारचे असतात."

पुढच्या रांगेनं हात काखेत लपवले.

"बदल," मास्तर घाईनं म्हणाले. "बदल. आता हे पाहा, पालु असते," आणि पुन्हा थांबले, "दूध. दुधात तोडु," आणि तिसऱ्यांदा थांबले. मुलं आता उघड हसत होती. विरजण हा शब्द कुठं गेला होता कोण जाणे. तो त्यांच्या आईचा शब्द होता, रोजचा. ते फळ्याकडे तोंड करून तो शोधत उभे राहिले, आणि तो सापडला तेव्हा त्यांच्या तोंडून राजव्वाच्या दातदुखीच्या सुरात बाहेर पडला.

भगवानराव मनानं मोठे. "अरे, महिनाभरात जाईल ते," ते म्हणाले. "पहिल्या तारखेला ये. जागा तुझीच."

परतीच्या गाडीत मास्तर खिडकीशी बसले. गाडी उलट जात होती, तिला काही अडचण नव्हती. प्रश्न तो नव्हताच. जो होता तोच आहे, की काही दुसरंच झालंय, असा साहेबांचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर किनवटच्या पोरांनी हसून दिलं होतं. वर्षभर आपण स्वतःला पीठ समजत होतो. त्यांना वाईट वाटलं, अगदी लहान मुलासारखं वाईट वाटलं. त्याहून वाईट याचं वाटलं की किनवटला दिवसभरात त्यांना सारू म्हणून कुणी हाक मारली नाही, आणि त्यामुळे त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं.

घरी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. परसदारी राजव्वा वाटी घेऊन उभी होती. तिला जाण्याची बातमी कळली होती, कारण रोज आल्या आल्या सुरू होणारी सुनेची तक्रार आज तिनं काढली नाही. जयवंताबाई दह्याचं भांडं हातात धरून होती. दोघी मास्तरांकडे बघायला लागल्या.

"जागा देली का भगवानरावानं?" जयवंताबाईनं विचारलं.

"देली."

"मंग जाऊन राह्यलो ना आपुन किनवटले?"

मास्तरांनी चपला काढल्या, पायांवर पाणी घेतलं. मग राजव्वाच्या हातातली वाटी घेतली, भांड्यातलं दही चमच्यानं तिच्यात काढलं आणि तिला परत दिली.

"लेदु," ते बायकोला म्हणाले.

'नाई म्हना की' हे जयवंताबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं आणि ती त्यांच्यासाठी भाकरी टाकायला आत गेली.